माणिक चौकामागचे नंदुरबार

नंदुरबारला बाहेरगावचा माणूस येतो तो सहसा पुढे कुठेतरी जाण्यासाठी. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, उन्हाळ्यात तोरणमाळ, श्रावणात प्रकाशाचा तापीकाठ, होळीच्या दिवसांत काठीची राजवाडी होळी. आणि अलीकडे अक्कलकुव्यावरून गुजरातेत केवडियाच्या पुतळ्याकडे निघालेल्या गाड्या. वाटेत कुणाला तरी शाळेतला धडा आठवतो आणि गाडी शहरात वळते. माणिक चौकातल्या हुतात्मा स्मारकासमोर लोक उतरतात, हात जोडतात, मुलांना पुढे उभे करून फोटो काढतात, १९४२ च्या गोळीबारात पडलेल्या शिरीषकुमारची गोष्ट दोन वाक्यांत सांगतात आणि निघतात. ज्या गावाने शिरीषकुमार आणि त्याच्याबरोबर पडलेली मुले घडवली ते गाव चौकाच्या मागच्या बाजूला उभे असते. तिकडे फारसे कुणी वळत नाही.

मला त्या मागच्या गावाबद्दल लिहायचे आहे. जळका बाजार, सोनार खुंट, टिळक रोड, मंगळ बाजार ही नावे नंदुरबारकरांच्या रोजच्या बोलण्यातली. दिवसा इथे गिऱ्हाइकांची वर्दळ असते, पण मुख्य रस्ता सोडून आतल्या बोळात शिरले की आवाज एकदम कमी होतो. लाकडी खांबांची जुनी घरे, पुढे ओटा, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी मांडणी. बोलण्यात अहिराणी, मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात येऊन जातात. जुन्या घरांच्या जागी काँक्रीटचे मजले झपाट्याने चढत आहेत, तरीही हा भाग एका जुन्या व्यापारी रस्त्यावरचा मुक्काम आहे हे पाहणाऱ्याला कळते. तो रस्ता सुरत ते बुऱ्हाणपूर. माणिक चौकातल्या गोष्टीची सुरुवात १९४२ साली होत नाही, ती या रस्त्यापासून होते, असे माझे मत आहे.

स्मारकाशी जोडलेली पाच नावे आधी नीट वाचावीत. शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता, लालदास बुलाखीदास शहा, धनसुखलाल गोवर्धनदास वाणी, शशिधर नीळकंठ केतकर, घनश्यामदास गुलाबचंद शहा. पाचांतली चार नावे सुरतेकडच्या वळणाची आहेत आणि एक आडनाव कोकणातले. महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी ही नावे एका चौकात कशी जमली? पाठ्यपुस्तकात या प्रश्नाला जागा नव्हती. वस्तीच्या इतिहासात मात्र त्याचे उत्तर आहे.

नंदुरबारच्या उगमाच्या कथा लोक नंद गवळी राजापासून सांगतात, आणि पीर सय्यद अलाउद्दीन यांच्याही आख्यायिका आहेत. कथा आपल्या जागी. लेखी पुराव्यात हे गाव फार ठळकपणे भेटते ते इब्न बतूताच्या प्रवासवर्णनात. १३४२ साली मुहम्मद तुघलकाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवले. दिल्लीहून तो दौलताबादला आला, तिथून नंदुरबारला आणि पुढे खंबायतच्या बंदराकडे गेला. मोरोक्कोच्या या माणसाने नंदुरबारबद्दल जे टिपून ठेवले ते मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. गाव लहान, वस्ती मराठ्यांची. लोक कारागिरीत कुशल, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी पुष्कळ. जेवणात भात, भाजी आणि तिळाचे तेल. जेवणाआधी अंग स्वच्छ धुण्याची रीत. सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्न होत नाही. मद्य पिणे हे मोठे पाप मानतात. मराठी समाजाच्या घरगुती रीतिरिवाजांचे इतके जवळून केलेले परकीय वर्णन त्या काळातले फार थोडे आहे, आणि ते पुण्याचे किंवा पैठणचे नसून नंदुरबारचे आहे. महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांपुढे आणताना आपण या कोपऱ्यापर्यंत बोट नेत नाही. बतूताच्या वाटेत मात्र हे गाव मोक्यावर होते.

मोक्याची जागा असल्याने तिच्यासाठी भांडणेही झाली. पश्चिमेला गुजरातचे सुलतान, पूर्वेला थाळनेर-बुऱ्हाणपूरचे फारुकी आणि मध्ये नंदुरबार-सुलतानपूरचा सुपीक पट्टा. तो दोघांनाही हवा होता आणि कित्येकदा या हातातून त्या हातात गेला. अकबराच्या राज्यात नंदुरबार हे माळवा सुभ्यातल्या एका सरकारचे मुख्य ठाणे होते. ‘ऐन-इ-अकबरी’त या सरकारचा वसूल पाच कोटी दामांहून जास्त नोंदलेला आहे. आज ज्या जिल्ह्याचे नाव कुपोषणाच्या बातमीबरोबर येते, तो टापू चारशे वर्षांपूर्वी मोगल खजिन्यात कोट्यवधी दाम भरत होता. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की मधल्या काळात काय झाले हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचे पश्चिमेचे मोठे बंदर झाले आणि बुऱ्हाणपूर दख्खनच्या मोहिमांची छावणी. सुरतेहून निघालेला माल बार्डोली, व्यारा करत डोंगराळ जंगलपट्ट्यातून वर येई आणि नंदुरबारला पोचला की तापीच्या मोकळ्या खोऱ्यात उतरल्यासारखे होई. पुढे निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा अशी मजल दरमजल. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० च्या सुरुवातीला या वाटेने गेला. त्याला नंदुरबार हे शहर दिसले. वेशीबाहेर पुष्कळ कबरी आणि बागबगीच्यातले महाल, एक गढी आणि एक देखणा तलाव. पुढच्याच मुक्कामाच्या निमगूळबद्दल मात्र त्याने अगदी वाईट लिहिले आहे, तेव्हा वाटेत दिसेल त्याची स्तुती करणारा हा माणूस नव्हता. १६१५ च्या नोव्हेंबरात जहांगीरच्या दरबाराकडे निघालेला इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो याच वाटेने बुऱ्हाणपूरला गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए इथल्या द्राक्षांची आणि खरबुजांची तारीफ करतो.

पण या रस्त्यावरून फक्त माल आणि वकील गेले असे नाही. १६३० साली गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात पीटर मंडी हा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर सुरतेहून निघून नंदुरबारला आला. सुरतेपासून इथवरचा रस्ता त्याला प्रेतांनी भरलेला दिसला. गावात पोचल्यावर तंबू ठोकायला मोकळी जागा सापडेना, कारण मोकळ्या जागेत माणसे मरून पडली होती. जिवंत होते ते उकिरडे उपसून, जनावरांच्या शेणातून धान्याचे दाणे वेचत होते. त्याच वेळी पूर्वेला बुऱ्हाणपुरात शाहजहान दख्खनच्या युद्धासाठी तळ देऊन बसला होता आणि प्रदेशातले धान्य छावणीकडे ओढले जात होते. बादशहाने बुऱ्हाणपूर, सुरत आणि अहमदाबादला लंगर उघडले आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम दिला, असे दरबारी इतिहासात आहे. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल बुऱ्हाणपुरातच वारली. तिच्या कबरीवर उभ्या राहिलेल्या ताजमहालाची कथा साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याच वर्षांत त्याच रस्त्यावर, नंदुरबारच्या बाजारात मेलेल्या माणसांसाठी कुणी दगडही उभा केला नाही. राजाच्या फौजेला पोसणारा रस्ता प्रजेला उपाशी ठेवू शकतो, ही गोष्ट या गावाने फार आधी पाहिली.

दुष्काळातून गाव पुन्हा उठले. बंजाऱ्यांचे तांडे, भाडोत्री बैलगाड्या, सराफ, दलाल, कापडवाले परत आले. १६६६ च्या सुमारास इंग्रजांनी नंदुरबारला आपली वखार ठेवली होती. त्यांची सुरतेची मुख्य कोठी दोन वर्षांपूर्वीच शिवाजी महाराजांच्या पहिल्या स्वारीतून कशीबशी वाचली होती. खानदेशात आत, कापूस आणि कापड जिथे तयार होते तिथे पाय रोवणे त्यांना सोयीचे वाटले. पुढे धरणगावलाही त्यांची वखार झाली आणि १६७५ मध्ये मराठ्यांनी ती लुटली. नंदुरबारच्या बाजारातला त्या वेळचा इंग्रज तागडीवाल्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहणारा गिऱ्हाईक होता. भाव गावच्या दलालाने सांगायचा, हुंडी गावच्या सराफाने वटवायची आणि वाटेवरचा जकातीचा हक्क मोगल अंमलदाराचा. १६६६ ते १९४२ हा पल्ला पावणेतीनशे वर्षांचा. बाजारात माल मागायला आलेल्या कंपनीच्या वारसांनी त्याच गावात शाळकरी मुलांवर बंदुका रोखल्या. माणिक चौकात उभे राहिल्यावर मला हा पल्ला सर्वांत जास्त जाणवतो.

अठराव्या शतकाचा शेवट आणि एकोणिसाव्याची सुरुवात खानदेशाला फार वाईट गेली. होळकर आणि शिंद्यांच्या भांडणात १८०२ पासून फौजा प्रदेश तुडवत गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावे ओस पडली. १८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश कंपनीकडे आला तेव्हा नंदुरबारचीही पूर्वीची रया गेलेली होती. कॅप्टन जॉन ब्रिग्जने आपला कारभार धुळ्याला मांडला, तिथे नवी पेठ वसवली, आणि जिल्ह्याचे केंद्र खानदेशाच्या उत्तर-पश्चिम कोपऱ्यातून सरकून पांझरेच्या काठी गेले. नंदुरबार तालुक्याचे गाव झाले. ते पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला.

मग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वे आली. सुरतेहून निघून बार्डोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरकडे जाणारा हा लोहमार्ग म्हणजे बऱ्याच अंशी मोगलांचा जुना रस्ता, फक्त आता बैलांऐवजी इंजिन. या मार्गावरच्या नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट आज महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे; दोन राज्यांची सीमा या मुलखाला किती उशिरा आणि किती वरवर चिकटली हे त्यावरून कळावे. रेल्वेने नंदुरबारच्या पेठेत पुन्हा जीव आणला. कापूस, भुईमूग, तूर, जंगलातली मोहफुले आणि चारोळी, आणि पुढे मिरची. हिवाळ्यात नंदुरबारच्या मोकळ्या मैदानांवर वाळत घातलेल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या आजही दुरून दिसतात आणि तिखट वास आधी पोचतो. सुरतेशी सोयरीक आणि व्यवहार असलेली घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, मराठी शाळेत शिकली, घरात गुजराती बोलली. दुसरीकडून मामलेदार कचेरी, शाळा, वकिली यांच्या निमित्ताने देशावरची आणि कोकणातली मराठी कुटुंबे खानदेशातल्या तालुक्याच्या गावांत येऊन स्थिरावत गेली. पाच नावांचे कोडे असे सुटते. मेहता, शहा, वाणी आणि केतकर यांना एका बाजारात आणणारा हाच रस्ता.

आणि आता १९४२ कडे वळताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या रेल्वेच्या आसपास स्वातंत्र्याच्या चळवळीची किती ठिकाणे एकामागोमाग येतात ते पाहा. बार्डोलीला १९२८ साली वल्लभभाई पटेलांनी साराबंदीचा लढा जिंकला आणि सरदार ही पदवी मिळवली. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. ते गाव सुरतेच्या दक्षिणेला, नवसारीजवळ. १९३८ च्या फेब्रुवारीत सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले ते हरिपुऱ्याला, तापीच्या काठी, बार्डोलीपासून जवळच. पूर्वेला याच मार्गावर अमळनेर, जिथल्या शाळेत साने गुरुजींनी मुलांना शिकवले. आणि त्यापलीकडे फैजपूर, जिथे १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले. नंदुरबार या दोन टोकांच्या बरोबर मध्ये. ज्या घरात गुजराती वर्तमानपत्र येत होते आणि शाळेत मराठी कविता पाठ होत होत्या, त्या घरातल्या मुलाला गांधीजींचे शब्द भाषांतराशिवाय पोचत होते आणि खानदेशातल्या सत्याग्रहींच्या अटकेच्या बातम्याही. मुंबई-पुण्याहून नंदुरबार लांब वाटते. चळवळीच्या नकाशात ते लांब नव्हते.

शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. १९३८ साली हरिपुऱ्याचे अधिवेशन भरले तेव्हा तो अकरा पुरा होऊन बाराव्यात होता. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सारे पुढारी तुरुंगात गेले. त्यानंतरच्या महिन्यात चळवळ कुणाच्या हातात होती याचे खरे उत्तर असे की ती जिथल्या तिथे, ज्याच्या हाती लागली त्याच्या हातात होती. तालुक्याच्या गावी ती पुष्कळदा विद्यार्थ्यांच्या हाती आली. मोठी माणसे आत गेलेली, वर्तमानपत्रांवर बंधने, सभाबंदी. अशा वेळी गावातून झेंडा घेऊन घोषणा देत फिरणे हे साधेसे वाटणारे काम सर्वांत धोक्याचे झाले.

९ सप्टेंबर १९४२, बुधवार. ठरावानंतरच्या अटकसत्राला बरोबर महिना झाला होता. नंदुरबारमध्ये मुलामुलींची फेरी निघाली. हातात चरख्याचा तिरंगा, तोंडी वंदे मातरम आणि भारतमातेचा जयजयकार. ज्या बाजारातून रोज शाळेला जायचे त्याच बाजारातून ही फेरी चालली होती. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर ओळखीची माणसे उभी असणार. पोलिसांनी फेरी अडवली, पांगण्याचा हुकूम दिला. मुले हटली नाहीत. लाठ्या चालल्या, तरी हटली नाहीत. मग बंदुका रोखल्या गेल्या. गावात पिढ्यांमागून पिढ्या सांगतात ती आठवण अशी की बंदूक आधी फेरीतल्या मुलींच्या दिशेने वळली होती आणि शिरीषकुमार झेंड्यासह पुढे होऊन उभा राहिला. गोळ्या छातीत लागल्या. तो पडला आणि त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास. शिरीषकुमारला सोळा वर्षे पूर्ण व्हायला अजून साडेतीन महिने बाकी होते.

त्या घटनेला धाडस म्हणून गौरवताना आपण एक गोष्ट हळूच बाजूला ठेवतो. ही व्यापाऱ्यांची पेठ होती. पेठेचे पोट शांततेवर चालते. दंगा झाला की दुकाने बंद, उधारी अडकलेली, गाडीवरचा माल तसाच. अशा वस्तीत लहानपणापासून शिकवण असते ती सरकारशी वाकडे न घेण्याची. तिथली मुले सरकारपुढे उभी राहिली, हा त्या वस्तीने स्वतःच्या स्वभावावर मिळवलेला विजय होता. मुलांचे बलिदान लिहिताना आईबापांचे मौन विसरू नये. दुसऱ्या दिवशीपासून त्यांना तोच चौक ओलांडून जगायचे होते.

त्याच ९ सप्टेंबरला, इथून कित्येक कोस दक्षिणेला, सातारा जिल्ह्यात वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ माणसे पडली. नंदुरबारच्या मुलांना वडूजचे काही ठाऊक नव्हते, वडूजच्या शेतकऱ्यांना नंदुरबारचे नव्हते. महाराष्ट्राच्या दोन टोकांना एकाच दिवशी, एक माणदेशातल्या शेतकऱ्यांचा आणि एक खानदेशातल्या पेठेतल्या पोरांचा, असे दोन जमाव एकाच गोष्टीसाठी उभे राहिले. दोन वर्षांच्या आतच ही टोके खरोखरच जुळली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात होती. त्या कामात साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी होते, आणि खानदेशाकडून डॉ. उत्तमराव पाटील. खजिन्याची गाडी जिकडे निघाली होती ते गाव नंदुरबार, हा योगायोग असेल; पण शिरीषकुमारच्या गावाकडे जाणारा रस्ता ब्रिटिश सरकारसाठी तेव्हा सुरक्षित राहिलेला नव्हता, एवढे नक्की.

या पेठेच्या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक राहणार नाही. नंदुरबारच्या बाजारात उभा राहिलेला पैसा भोवतालच्या रानातून आणि शेतातून आला. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, गावित या समाजांची माणसे मोहफुले, डिंक, धान्य घेऊन बाजाराला यायची आणि मीठ, कापड, रोख घेऊन परत जायची. या देवघेवीत कर्ज वाढत गेले आणि जमिनी सावकारांकडे गेल्या. याविरुद्धचा आवाज पेठेतून उठला नाही, तो तळोद्याच्या रानातून उठला. मोरवडचे गुलाम महाराज दर सोमवारी आरतीसाठी हजारोंना जमवत, दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा असे सांगत. दारू सुटली की कर्ज सुटते हे त्यांना उमगले होते. १९३८ मध्ये ते वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेले आणि सरकारने त्यांना हद्दपार केले. माणिक चौकातल्या गोळीबाराला सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, २ मार्च १९४३ रोजी, तळोदा भागातल्या रावलापाणी इथे जमलेल्या या आदिवासी भक्तांवर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसे मेली. तिथल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात.

एकाच जिल्ह्यात, एकाच राजवटीत, अर्ध्या वर्षाच्या अंतराने दोन गोळीबार. एक प्रत्येक मराठी मुलाला धड्यातून ठाऊक झाला. दुसरा जिल्ह्याबाहेर क्वचितच कुणाला माहीत आहे. शिरीषकुमारची आठवण कमी करावी असे मी मुळीच म्हणत नाही. पण जी राजवट गुजराती बोलणाऱ्या दुकानदाराच्या मुलाला आणि भिलोरी बोलणाऱ्या भक्ताला सारख्याच थंडपणे गोळी घालू शकली, तिची पूर्ण ओळख ही दोन्ही ठिकाणे एकत्र पाहिल्याशिवाय होत नाही. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने शहाद्याच्या परिसरात जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला, तो रावलापाणीच्याच वारशाचा भाग होता.

जुन्या वस्तीचे आजचे सर्वांत मोठे वैभव पाहायचे असेल तर गणेशविसर्जनाला यावे. दादा गणपती आणि बाबा गणपती हे नंदुरबारचे मानाचे दोन गणपती रथांतून निघतात आणि जळका बाजारात दोघांची ‘हरिहर भेट’ होते. त्या रात्री ही गल्ली मुळीच शांत नसते. एरवीच्या दिवसांत मात्र हे सारे वैभव मिटलेल्या दरवाजांआड असते, आणि माझी खरी काळजी तिथली आहे. अशा पेठेतल्या माळ्यांवर, जुन्या पेट्यांत वह्या असतात. रोजकीर्द, खतावणी, हुंड्या, गहाणखते, सुरतेच्या आडत्यांची पत्रे. काही मोडीत, काही गुजरातीत. बतूता, फिंच, रो, मंडी, ताव्हेर्निए यांनी नंदुरबारबद्दल काय लिहिले ते छापून झाले आहे. नंदुरबारने स्वतःबद्दल काय लिहून ठेवले ते अशा पेट्यांतच सापडेल, आणि वाडा पाडताना पहिल्यांदा रद्दीत जाते ते हेच. पेठ कशी चालत होती, कुणाला किती कर्ज होते, १९४२ च्या सप्टेंबरात दुकाने किती दिवस बंद राहिली, सातपुड्यातल्या कुठल्या गावची जमीन कुठल्या खात्यात गेली, हे सारे त्या पानांत असू शकते. पेठेच्या अभिमानाचा आणि आदिवासींच्या अन्यायाचा पुरावा एकाच वहीत मिळण्याची शक्यता आहे, आणि दोन्हींसाठी ती वही वाचली पाहिजे.

खानदेशात यासाठी हक्काची जागा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले, नंदुरबारात शिरीषकुमार जन्मल्यानंतर तीनच दिवसांनी. आयुष्यभर गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरचे कागद वाचवणाऱ्या या माणसाच्या नावाने पुढच्याच वर्षी धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले आणि ते आजही कागदपत्रे सांभाळते.

नंदुरबारच्या जुन्या घरांतल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. वाडा उतरवायला घ्याल त्याआधी माळा उतरवा. कागद फाटके असोत, कसर लागलेले असोत, वाचता येत नसोत, टाकू नका. राजवाडे मंडळात नेऊन दाखवा किंवा गावातल्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला बोलवा. आणि बाहेरून येणाऱ्यांनो, माणिक चौकात हात जोडून झाले की लगेच गाडीत बसू नका. जळका बाजारापर्यंत पायी जा, ओट्यावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या काकांशी दोन शब्द बोला, आणि जिल्ह्यात मुक्काम असेल तर तळोद्याची वाट धरून रावलापाणीही पाहून या.